लॅपटॉप संगणक : उत्पादक, किंमत व विश्वासार्हता यांचा इतिहास

मांडीवर किंवा लहानशा मेजावर ठेवून वापरता येईल, एका हाताने उचलून नेता येईल आणि स्वतःच्या विद्युत् घटमालेवर काही तास स्वतंत्रपणे चालू शकेल, अशा व्यक्तिगत संगणकास लॅपटॉप संगणक म्हणतात. त्यास सुवाह्य संगणक असेही म्हणता येईल. बिजागरीने जोडलेल्या दोन पाळ्यांपैकी वरच्या पाळीत दृश्यपटल आणि खालच्या पाळीत कळफलक, प्रक्रियक, स्मृती, संचयक व घटमाला ही त्याची सर्वमान्य रचना होय.

विद्यार्थी, शिक्षक, लहान व्यावसायिक आणि मध्यमवर्गीय कुटुंबे यांच्या दृष्टीने लॅपटॉपची खरेदी ही मोठ्या खर्चाची बाब असते. पुष्कळदा घरातील एकच यंत्र सर्वांना वापरावे लागते. त्यामुळे कोणत्या नावाचा लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. ऐन परीक्षेच्या वा कामाच्या काळात यंत्र बंद पडल्यास होणारे नुकसान त्याच्या किमतीपेक्षा अधिक असू शकते. या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः व्यापारनामाच्या लौकिकात शोधले जाते. हा लौकिक कसा निर्माण झाला, कितपत टिकला आणि त्यावर किती विसंबून राहता येते, याचा विचार लॅपटॉपच्या इतिहासाच्या आधारेच करणे इष्ट ठरते.

पूर्वेतिहास : सुवाह्य व्यक्तिगत संगणकाची कल्पना ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना १९७२ मध्ये सविस्तर मांडली. ‘डायनाबुक’ या नावाने त्यांनी कल्पिलेले यंत्र वहीच्या आकाराचे, मुलांना हाताळता येईल असे व सामान्य कुटुंबाला परवडणारे असावयाचे होते. त्या काळी उपलब्ध असलेल्या घटकांपासून असे यंत्र तयार करणे शक्य नव्हते. तथापि आकार, वजन, किंमत व उपयोग यांचा एकत्रित विचार करण्याची दिशा या कल्पनेने दाखविली.

१९७५ मध्ये आयबीएम कंपनीने ‘५१००’ हा सुवाह्य म्हणून ओळखला गेलेला संगणक बाजारात आणला. त्याचे वजन सु. २५ किग्रॅ. होते आणि किंमत स्मृतीच्या प्रमाणानुसार सु. ९,००० ते २०,००० डॉलर होती. शास्त्रज्ञ, अभियंते व मोठ्या संस्था यांपलीकडे त्याला ग्राहक मिळणे शक्य नव्हते.

पहिले व्यापारी यश : सामान्य व्यावसायिकाला परवडणारा पहिला सुवाह्य संगणक १९८१ च्या एप्रिल महिन्यात ॲडम ऑझ्बर्न यांनी सादर केला. ऑझ्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते व २००३ मध्ये कोडईकनाल येथेच त्यांचे निधन झाले. ‘ऑझ्बर्न १’ या यंत्राची किंमत १,७९५ डॉलर व वजन सु. ११ किग्रॅ. होते. शिवणयंत्राच्या पेटीसारख्या दिसणाऱ्या या यंत्रात ऋण किरण नलिकेचा केवळ १२·७ सेंमी. कर्णाचा दृश्यपटल होता आणि घटमाला नसल्याने ते विजेच्या जोडणीशिवाय चालत नसे. पत्रलेखनाच्या व हिशेबाच्या आज्ञावल्या मूळ किमतीतच देण्याची ऑझ्बर्न यांची पद्धत ग्राहकांना विशेष आकर्षक वाटली. तथापि नव्या, अधिक चांगल्या नमुन्याची बातमी आधीच पसरल्यामुळे जुन्या यंत्राची मागणी घटली, असे सांगितले जाते. प्रतिस्पर्धी कंपन्यांचा दाबही वाढला होता. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांनी यंत्रे विकत घेतली होती, त्यांच्या मागे अडीच वर्षांतच निर्माता उरला नाही. व्यापारनामावर विसंबण्यातील धोका या क्षेत्राच्या आरंभीच असा दिसून आला.

१९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅक कंपनीने ‘कॉम्पॅक पोर्टेबल’ हा संगणक १९८३ च्या आरंभी विक्रीस काढला. तो ऑझ्बर्नपेक्षाही जड होता परंतु आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या त्यावर जशाच्या तशा चालत. पहिल्याच वर्षी कंपनीने ११ कोटी डॉलरांहून अधिक विक्री केली. ग्राहकाला यंत्राच्या वेगळेपणापेक्षा सुसंगतता अधिक मोलाची वाटते, हे यातून सिद्ध झाले. सुसंगततेमुळे एका कंपनीचे यंत्र सोडून दुसऱ्या कंपनीचे घेणे सोपे झाले. तसेच निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे आतून एकमेकांसारखी होऊ लागली.

घडीच्या रचनेचा उदय : आजच्या लॅपटॉपची मिटणारी रचना १९८२ मधील ‘ग्रिड कंपास’ या संगणकात प्रथम प्रकर्षाने आढळते. बिल मॉग्रिज या ब्रिटिश अभिकल्पकाने त्याची रचना केली होती. मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूचे कवच, विद्युत् दीप्तीवर आधारित सपाट दृश्यपटल व चुंबकीय बुडबुडा स्मृती ही त्याची वैशिष्ट्ये होती. त्याची किंमत ८,१५० डॉलर होती. हे यंत्र अमेरिकेच्या अवकाशयानांतही वापरले गेले. मजबुतीसाठी अधिक किंमत मोजण्यास तयार असलेला ग्राहकवर्ग अस्तित्वात आहे, हे या यंत्राने दाखवून दिले.

याच सुमारास दुसऱ्या टोकाला साधी व स्वस्त यंत्रे निर्माण होत होती. जपानच्या एप्सन कंपनीच्या ‘एचएक्स-२०’ या यंत्राचे वजन सु. १·६ किग्रॅ. होते व त्याच्या द्रव स्फटिक पटलावर प्रत्येकी २० अक्षरांच्या ४ ओळी दिसत. १९८३ मधील ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हे यंत्र क्योसेरा या जपानी कंपनीने तयार केले होते पण अमेरिकेत ते रेडिओ शॅकच्या दुकानांतून टँडी कंपनीच्या नावाने विकले जाई. विजेरीत वापरतात तसल्या चार साध्या विद्युत् घटांवर ते सु. २० तास चाले. त्यामुळे वृत्तपत्रांच्या बातमीदारांत ते लोकप्रिय झाले. त्याची क्षमता अल्प होती परंतु ज्या कामासाठी ते घेतले जाई, त्या कामाला ते पुरेसे होते. गरज नेमकी ओळखल्यास अल्पमोली यंत्रही उत्तम सेवा देते, याचे हे जुने उदाहरण होय.

१९८५ मध्ये तोशिबा कंपनीने ‘टी ११००’ हा संगणक प्रथम यूरोपात विक्रीस आणला. सु. ४ किग्रॅ. वजन, द्रव स्फटिक पटल, पुनर्भारणक्षम घटमाला, ८·९ सेंमी. रुंदीची लवचिक तबकडी आणि आयबीएम यंत्रांशी सुसंगतता हे सर्व गुण त्यात एकत्र आले. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला लॅपटॉप म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. पुढील दीड दशकात या क्षेत्रात तोशिबाचे नाव अग्रभागी राहिले.

नामवंत मालिका : १९९० नंतरच्या दशकात ग्राहकांच्या मनावर कंपन्यांपेक्षाही त्यांच्या विशिष्ट मालिकांची नावे ठसली. ॲपल कंपनीचा १९८९ मधील ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ शिसे-अम्ल घटमालेमुळे ७ किग्रॅ.हून जड झाला व त्याला फारसे यश लाभले नाही. १९९१ मधील ‘पॉवरबुक’ मालिकेत कळफलक मागे सरकवून त्याच्यापुढे मनगट टेकण्यासाठी जागा ठेवण्यात आली. ही मांडणी पुढे सर्वच उत्पादकांनी स्वीकारली. या मालिकेतील सर्वांत लहान यंत्राचे उत्पादन ॲपलसाठी सोनी कंपनीने केले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आयबीएमने १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘थिंकपॅड ७००सी’ हा लॅपटॉप सादर केला. रिखार्ट झापर या जर्मन अभिकल्पकाच्या कल्पनेतून आलेले काळे कवच, कळफलकाच्या मध्यभागी असलेली लाल दर्शककळ आणि २६·४ सेंमी. कर्णाचा रंगीत पटल यांमुळे तो ओळखला जाऊ लागला. त्याची किंमत ४,३५० डॉलर होती. डेल कंपनीने १९९४ मध्ये ‘लॅटिट्यूड’ मालिका आणली व तीतील एका नमुन्यात लिथियम-आयन घटमाला बसविली. सोनीने १९९१ मध्ये व्यापारी स्वरूपात आणलेल्या या घटामुळे विजेच्या जोडणीवाचून काम करण्याचा काळ पुष्कळ वाढला.

याच काळात कार्यालयांसाठी एक आणि घरगुती ग्राहकांसाठी दुसरी, अशा दोन प्रकारच्या मालिका काढण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या प्रकारात कवच, बिजागरी व कळफलक यांवर अधिक खर्च केला जातो, सुटे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवले जातात आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका प्रसिद्ध केली जाते. दुसऱ्या प्रकारात किंमत कमी ठेवण्यावर व बाह्यरूपावर भर असतो. परिणामी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतील गुणवत्तेचा फरक दोन भिन्न कंपन्यांतील फरकापेक्षा मोठा असू शकतो. ‘अमुक कंपनी चांगली’ या सर्वसाधारण विधानाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

उत्पादनाचे स्थलांतर : लॅपटॉपवर ज्या कंपनीचे नाव असते, त्याच कंपनीने तो तयार केलेला असतो, हा समज बहुतेक बाबतींत खरा नाही. १९९० नंतर लॅपटॉपचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर तैवानमधील कंत्राटी उत्पादकांकडे गेले. क्वांटा (स्थापना १९८८), कॉम्पाल, इन्व्हेन्टेक, विस्ट्रॉन व पेगाट्रॉन या त्यांतील प्रमुख कंपन्या होत. यांपैकी विस्ट्रॉन एसर कंपनीतून, तर पेगाट्रॉन असूस कंपनीतून वेगळी झाली. २००० नंतर या कंपन्यांनी आपले कारखाने चीनमध्ये हलविले. एकच उत्पादक अनेक प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी यंत्रे बनवितो. प्रक्रियक मुख्यतः इंटेल व एएमडी या कंपन्यांचे असतात आणि पटल, स्मृती, संचयक व घट हेही मोजक्याच पुरवठादारांकडून घेतले जातात. नाव देणाऱ्या कंपनीचे वेगळेपण अभिकल्प, घटकांची निवड, तपासणीची कसोशी व विक्रीनंतरची सेवा यांत राहते.

नावांची मालकीही बदलत गेली. कॉम्पॅक २००२ मध्ये ह्युलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. आयबीएमने आपला व्यक्तिगत संगणकांचा विभाग २००५ मध्ये चीनच्या लेनोव्हो कंपनीस विकला, त्यामुळे थिंकपॅडचे नाव टिकले पण त्यामागील कंपनी बदलली. एसरने २००७ मध्ये गेटवे ही अमेरिकन कंपनी घेतली. सोनीने २०१४ मध्ये आपला ‘वायो’ हा व्यवसाय विकून टाकला. २०२५ मध्ये डेलने लॅटिट्यूडसारखी तीस वर्षांची रुळलेली नावे मागे घेऊन नवी नामपद्धती स्वीकारली. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून आजच्या यंत्राविषयी मत बनविणे त्यामुळे सयुक्तिक ठरत नाही.

अल्पमोली लॅपटॉप : २००५ मध्ये निकोलस नेग्रोपोंटी यांनी प्रत्येक मुलाला १०० डॉलरांत लॅपटॉप देण्याची योजना मांडली. क्वांटा कंपनीने तयार केलेले ‘एक्सओ’ हे यंत्र २००७ मध्ये उत्पादनात आले, तेव्हा त्याची किंमत १८० डॉलरांहून अधिक झाली होती. भारताच्या मानव संसाधन विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारली होती. तथापि तिचा एक लहान प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत झाला. धूळ व उष्णता सहन करणारा, उन्हात वाचता येणारा पटल असलेला व अल्प वीज लागणारा संगणक बनविता येतो, हे या यंत्राने दाखविले. मूळ संकल्पित किंमत मात्र साध्य झाली नाही.

त्याच वर्षी असूस कंपनीने ‘ईई पीसी’ हा सु. १८ सेंमी. पटलाचा छोटा लॅपटॉप आणला. त्याच्या यशामुळे ‘नेटबुक’ नावाचा स्वस्त यंत्रांचा वर्ग निर्माण झाला व इतर कंपन्यांनाही किमती उतरवाव्या लागल्या. मंद प्रक्रियक व अपुरी स्मृती यांमुळे ही यंत्रे थोड्याच वर्षांत निरुपयोगी ठरली आणि टॅब्लेट संगणकांच्या आगमनानंतर हा वर्ग लोप पावला. २०११ मध्ये आलेले ‘क्रोमबुक’ लॅपटॉप मुख्यतः जालावरील सेवांवर अवलंबून असतात. जेथे जालाची जोडणी अखंड मिळते, तेथे शालेय कामासाठी ते पुरेसे ठरतात. इतरत्र त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

दोष व त्यांचे परिणाम : नामवंत कंपन्यांची यंत्रेही दोषमुक्त नसतात, याची तीन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. २००६ मध्ये सोनीने बनविलेल्या लिथियम-आयन घटांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्यामुळे अंतर्गत मंडलसंक्षेप होऊन ते पेट घेऊ शकतात, असे आढळले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख व ॲपलने १८ लाख घटमाला परत मागविल्या. त्यापाठोपाठ इतर कंपन्यांनाही तसेच करावे लागले. दोष एका पुरवठादाराचा होता पण त्याची झळ अनेक नावांना लागली.

दुसरे उदाहरण २००८ मधील आहे. एन्‌व्हिडिया कंपनीच्या काही आलेखी प्रक्रियकांच्या आवेष्टनातील द्रव्य वारंवार तापण्या-निवण्यामुळे निकामी होत असल्याचे उघडकीस आले. दुरुस्ती व बदली यांपोटी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली. या वेळीही अनेक नामांकित लॅपटॉप बाधित झाले. तिसरे उदाहरण ॲपलने २०१५ पासून वापरलेल्या अतिशय पातळ कळफलकाचे होय. सूक्ष्म धूलिकणांमुळेही त्याच्या कळा अडकत. कंपनीने २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली व २०२० पर्यंत ती रचना सोडून दिली. उंची किंमत दोषांपासून संरक्षण देत नाही, मात्र दोष उद्‍भवल्यावर कंपनी काय करते, यात फरक पडतो, असा निष्कर्ष यातून निघतो.

विश्वासार्हतेचे मापन : कोणत्या कंपनीची यंत्रे अधिक टिकतात, याची तुलनात्मक माहिती उत्पादक सहसा प्रसिद्ध करीत नाहीत. वाढीव हमीचा व्यवसाय करणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये सु. ३०,००० लॅपटॉपांच्या नोंदींवरून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश यंत्रे बंद पडण्याची अपेक्षा होती. त्यांपैकी सु. दोनतृतीयांश यंत्रांत अंतर्गत बिघाड होता व उरलेली पडणे, द्रव सांडणे यांसारख्या अपघातांमुळे निकामी झाली होती. असूस व तोशिबा यांच्या बिघाडाचे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे १६ टक्क्यांच्या आत, तर ह्युलेट-पॅकार्डचे सर्वांत जास्त, म्हणजे २५ टक्क्यांहून अधिक होते. नेटबुक या स्वस्त वर्गात बिघाड अधिक आढळले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्वोत्तम ठरलेल्या कंपनीच्याही सहा-सात यंत्रांपैकी एक तीन वर्षांत बिघडत होते आणि सर्वांत मागे राहिलेल्या कंपनीची चारपैकी तीन यंत्रे नीट चालत होती. म्हणजे एका ग्राहकाचा बरा वा वाईट अनुभव हा कंपनीच्या गुणवत्तेचा पुरावा होऊ शकत नाही. अपघातांचा मोठा वाटा पाहता यंत्राच्या हाताळणीलाही कंपनीच्या निवडीइतकेच महत्त्व आहे. शिवाय अशी माहिती लवकर जुनी होते. या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या तोशिबाने पुढील अकरा वर्षांच्या आत हा व्यवसायच सोडून दिला.

जाहिरातींत ‘लष्करी मानकानुसार परीक्षित’ असा उल्लेख पुष्कळदा आढळतो. ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकेचे मानक १९६२ पासून अस्तित्वात आहे. तथापि त्यातील कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या, हे उत्पादक स्वतः ठरवू शकतो व त्यावर शासकीय प्रमाणपत्र दिले जात नाही. म्हणून कोणत्या चाचण्या घेतल्या, हे सांगितलेले नसल्यास या उल्लेखाचे मूल्य अल्प असते.

भारत : १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल, तसेच विप्रो व मुंबईची झेनिथ या कंपन्यांनी भारतात व्यक्तिगत संगणकांचा व्यवसाय वाढविला. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सहभागी झाला व त्यानुसार संगणकांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने रद्द झाले. त्यामुळे लॅपटॉप स्वस्त झाले परंतु देशी उत्पादकांना परकीय कंपन्यांपुढे टिकाव धरणे अवघड गेले. एचसीएलने २०१३ मध्ये संगणकनिर्मितीतून माघार घेतली. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना राबविली. पुढे उत्तर प्रदेशानेही तसाच उपक्रम केला. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून (१ जुलै २०१७) लॅपटॉपवर १८ टक्के कर आकारला जाऊ लागला.

२०२० मधील महासाथीच्या काळात शाळा व कार्यालये घरांतून चालू लागली आणि लॅपटॉप ही अनेक कुटुंबांची अकस्मात निकडीची गरज बनली. उत्पादनाधिष्ठित प्रोत्साहनाची योजना केंद्र शासनाने २०२१ मध्ये संगणक सामग्रीस लागू केली व मे २०२३ मध्ये तिची १७,००० कोटी रुपयांची दुसरी आवृत्ती मंजूर केली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीसाठी परवाना आवश्यक करणारी अधिसूचना निघाली. नंतर तिच्याऐवजी १ नोव्हेंबरपासून आयातीच्या नोंदणीची सौम्य पद्धत अमलात आली.

निवडीची तत्त्वे : वरील इतिहासावरून निवडीसंबंधी काही तत्त्वे सांगता येतात. प्रथम गरज ठरवावी व मग नाव पाहावे. लेखन, पत्रव्यवहार, जालावरील वाचन व शालेय अभ्यास यांसाठी मध्यम प्रतीचा प्रक्रियक, किमान ८ गिगाबाइट स्मृती आणि अर्धसंवाहक संचयक पुरेसे होतात. आज्ञावली-लेखन, मोठे हिशेबी तक्ते किंवा छायाचित्रांचे संस्करण करावयाचे असल्यास १६ गिगाबाइट स्मृती घेणे योग्य ठरते. स्वतंत्र आलेखी प्रक्रियक केवळ चलच्चित्रांचे संपादन, त्रिमितीय आरेखन वा खेळ यांसाठीच लागतो. इतरांनी त्यावर केलेला खर्च वाया जातो व यंत्राचे वजन आणि उष्णता मात्र वाढते.

दुसरे तत्त्व असे की, रक्कम मर्यादित असल्यास ती न बदलता येणाऱ्या भागांवर खर्च करावी. कवच, बिजागरी, कळफलक व दृश्यपटल हे यंत्राच्या अखेरपर्यंत तेच राहतात. स्मृती व संचयक पुष्कळ यंत्रांत नंतर वाढविता येतात परंतु काही पातळ यंत्रांत ते मुख्य मंडलफलकावर डाखलेले असतात. अशा वेळी आरंभीच पुरेशी स्मृती घेण्यावाचून गत्यंतर नसते. घटमाला मात्र कालांतराने क्षीण होणारच. शेकडो वेळा भारण केल्यानंतर, विशेषतः उष्ण हवेत, तिची धारकता लक्षणीय प्रमाणात घटते. म्हणून ती बदलून मिळते काय व किती खर्चात, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

तिसरे तत्त्व सेवेसंबंधी आहे. महानगरातील ग्राहकाला जी कंपनी सोयीची असते, ती तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला सोयीची असेलच असे नाही. आपल्या जिल्ह्यात अधिकृत दुरुस्ती केंद्र आहे काय, तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र पाठवावे लागते, हमीत अपघाती नुकसान धरले आहे काय आणि मागील वर्षाच्या नमुन्याचे सुटे भाग मिळतात काय, हे प्रश्न व्यापारनामाइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्याची ऐपत नव्या घरगुती यंत्रापुरतीच आहे, त्याने कार्यालयीन मालिकेतील दोन-तीन वर्षे वापरलेल्या व हमीसह विकल्या जाणाऱ्या यंत्राचाही विचार करण्यास हरकत नाही. मात्र त्याची घटमाला व पुढील काळात मिळू शकणारी संचालन प्रणाली तपासून घ्यावी.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिच्यानंतरची प्रणाली सर्वसाधारणपणे २०१८ पूर्वीच्या प्रक्रियकांवर अधिकृतपणे चालत नाही. परिणामी सुस्थितीतील असंख्य यंत्रे केवळ आज्ञावलीच्या अभावी कालबाह्य ठरण्याचा प्रसंग आला. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीमुळे त्यांपैकी पुष्कळांचे आयुष्य वाढविता येते. दुरुस्तीचा हक्क ही कल्पनाही मूळ धरू लागली आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक छापणे सक्तीचे केले. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये या विषयासाठी समिती नेमली व त्याच वर्षी त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. यूरोपीय संघाने लॅपटॉपसाठी समान भारण-जोडणी २८ एप्रिल २०२६ पासून आवश्यक केली.

तोशिबाने २०१८ मध्ये आपल्या संगणक व्यवसायातील मोठा हिस्सा शार्प कंपनीस विकला व उरलेला हिस्सा २०२० मध्ये हस्तांतरित केला. त्या व्यवसायास २०१९ पासून ‘डायनाबुक’ हे नाव मिळाले. ॲलन के यांच्या १९७२ मधील यंत्राचे नाव अशा रीतीने एका कंपनीच्या पाटीवर आले. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल व वर्षानुवर्षे साथ देईल, असे यंत्र उपलब्ध करण्याचा मूळ हेतू मात्र कोणत्याही एका नावाने पूर्ण झालेला नाही. तो साधण्यासाठी ग्राहकाने आपली गरज ओळखून यंत्राचे घटक, मालिका व सेवा यांची पारख करणे हाच मार्ग उरतो.